पाक चाखणारी दाढ

लोणावळ्याच्या बाजारातली चिक्कीची दुकानं मोजायला निघालात तर मोजता मोजता खंडाळ्याला पोचाल. गिऱ्हाईक येतं, पाव किलो शेंगदाणा, पाव किलो तीळ असं बांधून घेतं आणि गाडीत बसतं. हा पाक कुणी उतरवला, असं विचारणारं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात एकही पाहिलं नाही. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. भाकरी खाताना जातं कुणाचं ते कोण विचारतं?

मला मात्र विचारा. मी भिकाजी. बाजारातल्या एका दुकानामागच्या कारखान्यात बत्तीस वर्षं भट्टी सांभाळली. कारखाना म्हणायचा, बाकी एक लांबट खोली, वर पत्रा, तीन भट्ट्या आणि तूप लावलेली लोखंडी टेबलं. आधी आमच्याकडं लाकडं होती. मग डिझेलची भट्टी आली, ती अशी गरजायची की गल्लीतलं कुत्रं तिच्यावर भुंकायचं. मग गॅस आला आणि कुत्रं गप्प झालं. काम सोडून मला आठ वर्षं झाली, पण दहाचा चहा मी अजून तिथंच पितो. घरचा चहा काही वाईट नसतो, पण त्याला गुळाच्या वाफेचा वास येत नाही, आणि समोर टोमणे मारायला झुंबरबाई नसते.

झुंबरबाई कुसगावची. साठी ओलांडलेली, अंगानं शिडशिडीत, कमरेला पदर खोचलेला, आणि कढईसमोर उभी राहिली की मागून हाक मारली तरी वळून बघणार नाही अशी. आमच्याकडं ती पाकवाली. पाकवाली म्हणजे कढईतला पाक कधी उतरवायचा हे ठरवणारी बाई. काम ऐकायला सोपं आहे. साखर किंवा गूळ कढईत उकळतो, बुडबुडे आधी मोठे येतात, मग बारके, मग दाट. त्यात एक घटका अशी येते की तेव्हा शेंगदाणे टाकून उतरवलं तर चिक्की कट्‌कन तुटते. त्याच्या आधी उतरवलं तर दाताला चिकटते, आणि जरा उशीर झाला तर जळून कडू. ही घटका मिनिटभराची. ती पकडायची तर पळीच्या टोकावर थेंब घ्यायचा, गार पाण्याच्या वाटीत सोडायचा, घट्ट झाला की उजव्या दाढेखाली धरून दाबायचा. तुटला तर पक्का, चिकटला तर कच्चा. मग तो थुंकायचा, तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरायची, आणि पुन्हा कढईकडं बघायचं. एका घाण्याला तीन-चार वेळा, आणि दिवसाला पंचवीस-तीस घाणे. हिशेब तुम्हीच करा.

तिला हे काम कसं मिळालं ती गंमत सांगतो. शहाऐंशी साल असेल. ती नवी सून, शेंगदाण्याची सालं पाखडायला यायची. तेव्हा पाक धोंडिबाकडं होता. हा धोंडिबा इतका मानी की थेंब दाताखाली धरला की डोळे मिटून उभा राहायचा, जणू त्याला आत कुणी निरोप सांगतंय. एक दिवस त्यानं डोळे उघडून हात वर केला, म्हणजे उतरवा. मी भट्टीचा जाळ दाबणार, इतक्यात सुपामागनं आवाज आला, "कच्चा हाय."

थोरले शेठ तिथंच होते. ते म्हणाले, "कोण गं ती? तुला तिथनं काय कळतंय?"

"बुडबुडं अजून मोठं हायती," झुंबरबाई म्हणाली. मान खाली, सूप चालूच.

धोंडिबा पेटला. "उद्या ही मला शेंगदाणं सोलायला लावंल."

शेठनी पळी तिच्या हातात दिली. तिनं थेंब दाढेखाली धरला, आणि म्हणाली, "अजून दोन उकळ्या." शेठनी अर्धी कढई तशीच उतरवायला लावली आणि अर्धी दोन उकळ्यांनंतर. थंड झाल्यावर दोन्ही तुकडे चावून बघितले. मग दाताला चिकटलेला पहिला तुकडा काढून हात धुतले. धोंडिबा त्या दिवाळीनंतर गावी शेतीला गेला तो परत आला नाही, आणि कढई झुंबरबाईकडं आली. गैरसमज नको म्हणून सांगतो, धोंडिबानं जाताना आपली पळी तिच्याच हातात ठेवली होती.

तेव्हापासून आमची चिक्की तिच्या दाढेवर उभी. थोरले शेठ पुण्याच्या व्यापाऱ्याला अभिमानानं सांगायचे, आमच्याकडं मशीन नाही, आमच्याकडं झुंबरबाई आहे.

आता तिचा एक नियम होता तो सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरनं घडलं. ती संकष्टी धरायची, कडक, पाण्याशिवाय काही नाही. आमच्या घरात बाबासाहेबांनंतर कुणी उपास धरला नाही, त्यामुळं मला यातलं फारसं कळत नाही. पण संकष्टीच्या दिवशीही ती शंभरदा पाक चाखायची. टेबलावर चिक्की लाटणारी भामाबाई एकदा तिला म्हणाली, "झुंबरे, दिसभर गूळ चाखतीस आणि म्हणं उपास. देवाला काय आंधळा समजतीस का?"

झुंबरबाईनं शांतपणे थुंकलं, चूळ भरली आणि म्हणाली, "देव बघतो पोटात काय गेलं ते. तोंडात काय हाय ते बघायला माझी सासू हाय."

सगळा कारखाना हसला. पण ती खरंच तसं मानायची. जे गिळलं नाही ते खाल्लं नाही. चाखणं हे काम, खाणं वेगळं. कुणी म्हणालं, बाई तुम्ही गोडाच्या कढईत राहता, दात संभाळा, की ती म्हणायची, "मी चिक्की खातच न्हाई. वर्षाला एक तुकडा, तोबी संक्रांतीला." आणि ते खरं होतं. वर चूळ दर खेपेला, आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी. तोंड तिच्याइतकं धुणारं दुसरं कुणी नव्हतं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. गणपती नुकते गेले होते, दिवाळीचा माल सुरू व्हायचा होता. मी दहाच्या चहाला बसलो होतो आणि बघत होतो. बत्तीस वर्षं एका बाईला थेंब चावताना बघितलं की तिची मान कुठल्या बाजूला कलते हे आपोआप ठाऊक होतं. झुंबरबाईची मान उजवीकडं कलायची. त्या दिवशी ती डावीकडं कलली.

त्या दिवसाचा तिसरा घाणा चिकट निघाला. धाकटे शेठ, म्हणजे थोरल्यांचा मुलगा, चांगला शिकलेला पोरगा, तुकडा हातात घेऊन आला. "मावशी, हे काय झालं?"

"गूळ वला आलाय औंदा," झुंबरबाई म्हणाली.

गूळ ओला नव्हता. मी त्याच गुळाचा खडा चहाबरोबर खात होतो. अडतीस वर्षांत तिनं पहिल्यांदा गुळावर ढकललं. धाकट्या शेठनी भिंतीकडं बघितलं. तिथं खिळ्याला एक लांब दांड्याचा थर्मामीटर टांगलेला होता, अजून त्याच्या कव्हरात. दोन वर्षांपूर्वी आणला होता, आणि झुंबरबाईनं त्याच्यावर आपली पिशवी टांगायला सुरुवात केली होती.

दुपारी ती नळावर हात धुवायला आली तेव्हा मी म्हणालो, "बाई, डाव्या बाजूनं कधीपासनं?"

"काय डाव्या बाजूनं?"

"मी भट्टीवाला असलो तरी आंधळा न्हाई."

तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "सा म्हैनं झालं, भाऊ. लवंग धरली, तुरटी धरली, मशेरी दोनाच्या चारदा लावली. गार पानी लागलं की मस्तकात कळ जाती."

"मग डॉक्टरला का न्हाई दावली?"

"डॉक्टर काढून टाकंल. दाढ गेली की कढई गेली." तिनं पदरानं हात पुसले. "सूनबाई तर वाटच बघती. म्हणती, आत्या, आता घरी बसा, नातू संभाळा. नातवाला काय संभाळायचं, तो दहावीला हाय. आणि हितं काय करू? पुन्हा शेंगदाणं पाखडू? त्या थरमामीटरच्या समोर?"

मला धोंडिबा आठवला. मी मनात एक बेत ठरवला, कारण माझ्या घरात औषध होतं.

औषध म्हणजे माझी नात स्नेहल. ती दाताच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती, पुण्यात होस्टेलला राहायची आणि रविवारी घरी यायची. आमच्या घराण्यात माझा बाप अंगठेबहाद्दर, मी सातवी, माझा मुलगा तळेगावच्या कंपनीत फिटर, आणि नात डॉक्टर. तिच्यासमोर तोंड उघडायची मला लाज वाटते आणि अभिमानही. दोन्ही एकदम वाटतं तेव्हा माणूस काय करतो? मी तर जास्तच बोलतो.

रविवारी मी झुंबरबाईला जेवायला बोलावलं. स्नेहलचं नाव काढलं नाही. ती आली, तिनं स्नेहलची बॅग बघितली आणि सगळं ओळखलं.

"भिकाजीभाऊ, तुमी लय लबाड हाय."

"जेवन तर खरं हाय ना? आधी जेवा."

जेवण झाल्यावर स्नेहलनं हळूच विषय काढला. दाढ बघू का, असं विचारलं नाही. म्हणाली, "मावशी, मला परीक्षेसाठी सराव करायचाय. आबा तर तोंड उघडतात ते बंदच करत नाहीत, त्यामुळं तपासता येत नाही. तुम्ही बसाल का?"

झुंबरबाई हसली आणि बसली.

स्नेहलनं तिला एक लाल गोळी चघळायला दिली आणि एक मला. "दोघांनी चघळा, जिभेनं सगळीकडं फिरवा आणि थुंका." आम्ही अंगणात थुंकलो. मग तिनं दोघांच्या हातात एकेक आरसा दिला.

झुंबरबाईच्या दातांवर, हिरड्यांच्या कडेकडेनं, गडद गुलाबी पट्टे उठले होते. उजव्या दाढेभोवती तर रंगपंचमीच झाली होती. "अगं बया, ह्ये रंगलं कसं?"

"रंग दातावर नाही बसत मावशी. दातावर जो चिकट थर असतो त्याच्यावर बसतो. एरवी तो दिसत नाही."

"थर कसला? मी आत्ता चूळ भरली तुझ्यासमोर."

"म्हणून तर दाखवलं." स्नेहलनं माझ्या हातातला आरसा सरळ केला. "आणि आबा, तुमचं तर बघा."

माझं बघितलं. मी रोज ब्रश करतो असं गावभर सांगतो. माझ्या खालच्या दातांना आतून अशी गुलाबी किनार होती की साडीला शोभली असती. झुंबरबाईला तिच्या दाढेचं दुःख विसरायला तेवढं पुरलं. "भाऊ, तुमचा बुरुश काय भिंतीला लावता व्हय?"

मग स्नेहल समजावायला लागली. तिनं जे सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. आपल्या सगळ्यांच्या तोंडात जंतू असतात, ते काही बाहेरून आलेले चोर नव्हेत, तिथलेच रहिवासी. ते एकेकटे हिंडत नाहीत. दाताला चिकटतात, एकमेकाला चिकटतात, आणि त्यांच्यातले काही आपण खाल्लेल्या साखरेपासनं एक डिंकासारखं काहीतरी तयार करतात. त्या डिंकात सगळी वस्ती पक्की बसते. हाच तो थर. साखर मिळाली की ही वस्ती जेवते आणि आंबट पाणी सोडते. ते आंबट पाणी थराखाली अडकून राहतं आणि दाताचा कडक भाग थोडाथोडा विरघळवतं. लाळ येऊन ते आंबट धुते, झीज थोडी भरूनही काढते, पण तिला वेळ लागतो. अर्धा तास, कधी तासभर.

झुंबरबाई ऐकत होती. पाक बघताना बघते तशी.

"पण मी तर गिळत न्हाई," ती म्हणाली.

"जंतूंना तुम्ही गिळलं की नाही त्याच्याशी काही घेणं नाही मावशी. दाढेखाली आलं की त्यांना पोचलं."

"पन थुकते की. चूळबी भरते."

"चुळीनं वरची साखर थोडी जाते. थर नाही जात. तो पाण्यानं निघत नाही."

झुंबरबाईनं जिभेनं दाढ चाचपली. मग म्हणाली, "म्हंजे भुशीच्या पायरीवरचं शेवाळ म्हण की."

स्नेहलचा चेहरा उजळला. तिच्या सरांनी तिला चार वर्षं जे शिकवलं ते या बाईनं एका ओळीत सांगितलं होतं.

हे शेवाळ मी समजावून सांगतो. झुंबरबाईचं माहेर भुशी धरणाकडचं. तिचा बाप रेल्वेत, धरणाच्या पाण्याच्या पाइपावर कामाला होता. आता भुशीला शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, कणसं, वडे, गाड्यांची रांग. तेव्हा तिथं पाऊस, रेल्वेची माणसं आणि म्हशी. पावसाळाभर पायऱ्यांवरनं पाणी धो धो वाहायचं आणि तरी पायऱ्या हिरव्यागार, बुळबुळीत. साहेब बघायला येणार असला की तिचा बाप तिला आणि तिच्या बहिणीला काथ्या आणि चुलीतली राख घेऊन पाठवायचा. गुडघ्यावर बसून एकेक पायरी घासायची.

"एवढं पानी वरनं जातंय, तरी शेवाळ ऱ्हातंच कसं, असं मी बापाला इचारायची," झुंबरबाई म्हणाली. "तो म्हणायचा, पान्याला घासता येत न्हाई, पोरी. पानी नुसतं वरनं जातं."

"अगदी तसंच," स्नेहल म्हणाली. "आणि घासलं तरी चार दिवसांत परत यायचं ना? हा थर तर दिवसाच्या आत परत धरायला लागतो. म्हणून दोन वेळा घासायचं. मशेरीनं नाही. जळकी तंबाखू आहे ती, हिरड्या खाते आणि तोंडाला नको तो आजार लावते. मऊ ब्रश आणि पेस्ट."

"पन पोरी," झुंबरबाई म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला, "मी वर्साला एक तुकडा खाते. आणि ती भामाबाई, ती पदरात भरून खायची, तिचं दात मरंपतूर शाबूत. ह्यो कुटला न्याय?"

स्नेहल तिच्यासमोर जमिनीवर बसली. "मावशी, तुम्ही सकाळी नऊला पहिला थेंब धरता. आंबट सुरू होतं. लाळ धुवायला येते. दहा मिनिटांत दुसरा थेंब. मग तिसरा. संध्याकाळी सहापर्यंत. अडतीस वर्षं तुमच्या त्या दाढेला दिवसा अर्धा तास सलग सुट्टी मिळालेली नाही. तुम्ही दुपारी जेवताना बसून अख्खी पाव किलो खाल्ली असतीत, तर पोटाचं काय झालं असतं माहीत नाही, पण दाढेचं एवढं झालं नसतं."

झुंबरबाईनं आरशात पुन्हा बघितलं. बराच वेळ. मी एक आठवण सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"म्हंजे," ती शेवटी म्हणाली, "उपास मोडलाच नव्हता, फक्त देवाला सोडून दुसऱ्याच कुणाला जेवू घालत व्हते."

पुढच्या आठवड्यात स्नेहल तिला आपल्या कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन गेली. सोबत मी. फोटो काढला. कीड वरनं टाचणीएवढी आणि आत कोनाड्याएवढी, थेट नसेपर्यंत. स्नेहलच्या मॅडम म्हणाल्या, दाढ काढायची गरज नाही, नस साफ करून आत भरू, वर टोपी बसवू. झुंबरबाईचा चेहरा असा खुलला की खुर्ची उजळली.

"आणि टोपी घातल्यावर चिकटतंय का तुटतंय ते कळंल का?"

"कळेल. चावल्याची जाणीव दाढेच्या मुळाभोवतनं येते, ती राहते." मॅडमनी फोटोवर बोट ठेवलं. "पण आजी, शेजारच्या दोन दाढा आत्ताच पोखरायला लागल्यात. तुम्ही हे चाखणं असंच चालू ठेवलंत तर दोन वर्षांनी आपण पुन्हा भेटू, आणि तेव्हा वाचवायला काही नसेल. दाढ मी देते. चाखणं तुम्ही सोडायचं. दिवसात एखादवेळी, जेवणाला लागून, चालेल."

येताना लोकलमध्ये झुंबरबाई खिडकीशी बसून राहिली. देहूरोड गेलं, तळेगाव गेलं. कामशेत गेल्यावर म्हणाली, "भाऊ, दाढ ऱ्हायली आणि कढई गेली. मी भ्याले उलटंच व्हते."

मी शेंगा पुढं केल्या. तिनं घेतल्या नाहीत, म्हणाली, "आत्ता न्हाई. जेवताना."

तीन फेऱ्या झाल्या, टोपी बसली, आणि ऑक्टोबरात एका सोमवारी ती कढईसमोर उभी राहिली. मी त्या दिवशी चहा नऊलाच प्यायला गेलो. धाकट्या शेठला तिनं सगळं सांगितलं होतं. ते चांगले आहेत, त्यांनी थर्मामीटर कव्हरातनं काढून कढईच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही हवं तसं करा. हा असू द्या नुसता."

पहिला घाणा तिनं थर्मामीटरच्या काट्यावर उतरवला. त्याच्यासोबतच्या पुस्तकात दिलेला आकडा आला की हात वर. लाटला, कापला, थंड झाला. रुपाली म्हणून टेबलावर नवी मुलगी आहे, तिनं तुकडा मोडायला घेतला तर तो वाकला. चिकट.

"आकडा बरोबर होता," धाकटे शेठ म्हणाले.

"आकडा साखरंचा हाय. ह्यो गूळ हाय, आनि गूळ दर गाडीला येगळा," झुंबरबाई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. भट्टीचा नव्हता, मला भट्टीचा घाम ओळखता येतो.

दुसरी कढई चढली. बुडबुडे बारके झाले. तिनं पळीवर थेंब घेतला, वाटीत सोडला, आणि सवयीनं तोंडाकडं नेला. हात ओठापाशी थांबला. सगळे बघत होते. रेडिओवर कुणीतरी साबणाची जाहिरात गात होतं.

"त्यो रेडू बंद करा," ती म्हणाली.

रुपालीनं रेडिओ बंद केला. झुंबरबाईनं थेंब स्टीलच्या ताटलीवर टाकला. बद्द आवाज आला, ओल्या मातीवर खडा पडल्यासारखा. तिनं मान हलवली. पुन्हा थेंब, पुन्हा पाणी, पुन्हा ताटली. या वेळी जरा घट्ट, पण अजून दबका. मग तिनं तो थेंब दोन नखांच्या मध्ये धरून कानाजवळ नेला आणि दाबला.

"गॅस बारीक करा."

तेवढ्यात मी म्हणालो, "थोरले शेठ म्हणायचे की धोंडिबाच्या वेळी..."

"भाऊ," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तोंड मिटा."

मी मिटलं. माझ्या बायकोलाही हे चाळीस वर्षांत जमलं नव्हतं. खोलीत नुसता कढईचा आवाज राहिला, दाट, फसफसणारा. बत्तीस वर्षं मी त्या खोलीत होतो, पण पाकाला आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं. आधी डिझेलच्या गरजण्यात आणि मग रेडिओच्या गाण्यात तो कधी ऐकूच आला नव्हता. बुडबुडा फुटताना आधी फट् असा फुटतो, मग जसा पाक दाटतो तसा तो आवाज आटत जातो, बारीक होत जातो.

चौथा थेंब ताटलीवर पडला तो खणकन वाजला. तिनं तो नखात धरून कानाशी मोडला. काय ऐकू आलं ते मला माहीत नाही, मी सहा हात लांब होतो. तिनं हात वर केला.

"उतरवा."

तुकडे थंड व्हायला जो वेळ लागतो तो नेहमी एवढा असतो का, हे मी विचारणार होतो, पण तोंड मिटलेलंच ठेवलं. धाकट्या शेठनी एक तुकडा मला दिला, कारण चावायला तिला बंदी आणि बाकीच्यांना धीर नव्हता. मी दाताखाली धरला. सगळा कारखाना माझ्या जबड्याकडं बघत होता. असा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता, म्हणून मी मुद्दाम सावकाश चावलं.

"चिकटली का?" झुंबरबाई म्हणाली. "सांगा की. का आता बोलायचंच न्हाई?"

"कट्‌कन," मी म्हणालो.

तिनं तोंडावरनं पदर फिरवला आणि लगेच पुढची कढई चढवायला सांगितली, जणू हे काहीच नव्हतं.

त्या दिवशी अजून दोन घाणे बिघडले, हेही सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी एक. दिवाळीच्या तोंडावर एकही नाही. थर्मामीटर तिनं ठेवून घेतला. म्हणते, कुठवर आलंय ते त्यो सांगतो, कवा उतरवायचं ते मी. मशेरी सुटायला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत आम्ही सगळ्यांनी लय बोलणी खाल्ली. स्नेहल दर दोन महिन्यांनी लाल गोळी देते. झुंबरबाईची आरशातली गुलाबी आता कडेकडेला उरलीय. माझी किनार अजून साडीची आहे, पण जरा बारीक काठाची.

आता कारखान्यात एक नवीन रीत झालीय. पाक दाटायला लागला की रेडिओ बंद, लाटणी थांबलेली, फोन वाजला तरी कुणी उचलत नाही. मिनिट-दोन मिनिटं. परवा दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोंगाटातनं धाकटे शेठ काहीतरी विचारत आत आले, तर सगळ्यांनी एकदम हात वर करून त्यांना थांबवलं. तेही थांबले. झुंबरबाई कढईवर वाकून, डोळे उघडे ठेवून, कान लावून उभी होती. मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. चहा निवत होता, आणि मला सांगायला चांगल्या दोन गोष्टी आठवल्या होत्या. त्या मी गिळून बसलो.

ताटलीवर थेंब वाजला.

"उतरवा," ती म्हणाली. "आनि भाऊ, आता बोला."